श्रीलंकेचा भात आणि लासलगावचा कांदा

कोलंबोच्या पेट्टा बाजारात मोठ्या कांद्याला ‘बॉम्बे लूनु’ म्हणतात. लूनु म्हणजे कांदा. तिथला मूळचा कांदा लहान आणि तांबडा असतो, त्यामुळे समुद्रापलीकडून आलेल्या मोठ्या कांद्याला मुंबईचे नाव चिकटले आणि ते आजतागायत टिकले आहे. निफाड किंवा येवल्याच्या शेतकऱ्याला आपल्या मालाचे हे परदेशी नाव बहुधा ठाऊक नसते, पण त्या नावामागचा व्यवहार त्याच्या अंगाशी कसा येतो हे त्याला चांगलेच ठाऊक आहे. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून पाच-सहा महिने ठेवता येत नाही. काढला की विकावाच लागतो. त्यामुळे ट्रॉलीत भरलेला माल परत घरी नेणे म्हणजे तो सडताना पाहणे, हे शेतकऱ्याला न सांगता कळत होते. त्याच दिवसांत कोलंबोत बॉम्बे लूनुचे भाव झपाट्याने चढत होते. एकाच अधिसूचनेने इकडचा पिकवणारा आणि तिकडचा खाणारा असे दोघेही एकाच आठवड्यात नाडले गेले.

अन्नसुरक्षा आणि स्वयंपूर्णता यांवरची आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा शेताच्या बांधापाशी सुरू होते आणि तिथेच संपते: किती पिकले, किती कमी पडले, किती आणावे लागेल. श्रीलंकेसारख्या सव्वादोन कोटी वस्तीच्या देशाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा अनुभव पाहिला की मला वाटते, तिथे खरा प्रश्न पिकण्याइतकाच शब्दाचा आहे. सरकारने शेतकऱ्याला दिलेला शब्द उद्या पाळला जाईल का, आणि शेजाऱ्याने दिलेला शब्द टंचाईच्या वर्षीही टिकेल का, यावर तिथले ताट भरलेले राहते किंवा रिकामे होते. लंकेच्या अन्नधोरणातील सर्वांत शहाणे पाऊल माझ्या मते एक करार होता, आणि सर्वांत घातक पाऊल एक राजपत्र.

राजपत्राची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण ती ताजी आहे आणि तिचा अर्थ आपल्याकडे बराच चुकीचा लावला गेला. गोटाबाया राजपक्ष यांनी २०१९ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दहा वर्षांत देशाची शेती सेंद्रिय करण्याचे आश्वासन दिले होते. दहा वर्षे ही मुदत अवास्तव नव्हती. सिक्कीमसारख्या छोट्या, डोंगराळ आणि मुळातच कमी खत वापरणाऱ्या राज्याला २००३ च्या घोषणेपासून २०१६ पर्यंत तेरा वर्षे लागली. पण एप्रिल २०२१ च्या अखेरीस निर्णय जाहीर झाला आणि ६ मे रोजी राजपत्रातून रासायनिक खते व कीडनाशकांची आयात बंद झाली. दहा वर्षांचे काम दहा दिवसांत उरकले गेले. कारण आरोग्याचे सांगितले गेले, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते: उत्तर-मध्य प्रांतात, ज्याला तिकडे रजरट म्हणतात, शेतकरी कुटुंबांत मूत्रपिंडाच्या विकाराचे प्रमाण भयावह आहे आणि त्याचे कारण नक्की ठरलेले नाही. मात्र परकीय चलन आटत चालले होते आणि सरकारच्याच म्हणण्यानुसार खतांवर वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर जात होते, हेही तितकेच खरे. डॉलर वाचवायचे होते आणि त्याला शुद्ध मातीचा मुलामा मिळाला, असे म्हटले तर त्यात अन्याय होणार नाही.

इथे थोडा साधा हिशोब मांडतो, कारण या वादात तो क्वचितच मांडला जातो. भाताच्या एका हेक्टरला चांगल्या उत्पन्नासाठी सुमारे १०० किलो नत्र लागते. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणजे ५० किलोच्या साडेचार गोण्या पुरतात, आणि त्या बैलगाडीच्या एका कोपऱ्यात मावतात. चांगल्या कुजलेल्या कंपोस्टमध्ये नत्र दीड टक्क्याच्या आसपास धरले तर तेवढ्याच नत्रासाठी साडेसहा टनांहून अधिक खत शेतात ओतावे लागेल. लंकेत महा हंगामात, म्हणजे ईशान्य मोसमी पावसावरच्या मुख्य हंगामात, सुमारे साडेसात लाख हेक्टरांवर भात असतो. गुणाकार केला तर जवळजवळ पन्नास लाख टन कंपोस्ट होते, आणि तेही एका हंगामापुरते. ते कुठे तयार होणार होते, कोणत्या जनावरांच्या शेणातून आणि कोणत्या ट्रकांतून शेतापर्यंत येणार होते, याचे उत्तर त्या राजपत्रात नव्हते. शिवाय कंपोस्टमधले नत्र सावकाश सुटते. भाताला मात्र ते फुटवे धरताना आणि पोटरीत येताना, ठरलेल्या आठवड्यातच हवे असते. खाचरात उभे राहून पिवळी पडणारी पाती पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला कृषिशास्त्रज्ञ लागत नाही.

पुढचा भाग जवळजवळ प्रहसनासारखा आहे. सेंद्रिय खतच चीनहून आयात करायचे ठरले. पहिल्या २०,००० टनांच्या मालाचे नमुने तपासले असता त्यात एर्विनिया हा पिकांना घातक जिवाणू सापडल्याचे लंकेच्या शास्त्रज्ञांनी सांगितले, जहाज समुद्रात घुटमळत राहिले, चिनी दूतावासाने लंकेच्या सरकारी बँकेला काळ्या यादीत टाकले, आणि शेवटी न उतरवलेल्या खतासाठी लंकेने ६७ लाख डॉलर मोजले. मधल्या काळात भारतीय हवाई दलाच्या विमानांतून नॅनो युरियाच्या बाटल्या कोलंबोत उतरवाव्या लागल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी मागे घेतली गेली, पण तोपर्यंत महा हंगामाची पेरणी होऊन गेली होती आणि जागतिक बाजारात युरिया कडाडला होता. त्या हंगामाचे भाताचे उत्पादन आधीच्या वर्षीच्या सुमारे ३० लाख टनांवरून १९ लाख टनांच्या आसपास घसरले. तांदळात स्वयंपूर्ण म्हणवणाऱ्या देशाला २०२२ मध्ये साडेसात लाख टनांहून अधिक तांदूळ आणावा लागला. चहाचे उत्पादनही सुमारे ३० कोटी किलोंवरून २५ कोटींवर आले, आणि चहा हेच तर डॉलर मिळवणारे पीक. १२ एप्रिल २०२२ रोजी देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. सप्टेंबरात कोलंबोतील अन्नमहागाई ९५ टक्क्यांच्या जवळ पोहोचली. पूर्वी भातशेतकऱ्याला फुकट मिळणारी युरियाची गोणी सरकारी दरानेच १०,००० रुपयांना झाली.

या साऱ्याचा अर्थ ‘सेंद्रिय शेती फसली’ असा काढला जातो. तो अर्धवट आहे. सेंद्रिय शेतीची परीक्षा लंकेत झालीच नाही. परीक्षा झाली ती एका रात्रीत धोरण फिरवण्याच्या सरकारी अधिकाराची. आणि दुसरी गोष्ट उघडी पडली, ती अधिक खोल आहे: भातात स्वयंपूर्ण असलेला देश नत्रात पूर्णतः परावलंबी होता. सपुगस्कंद येथील युरियाचा कारखाना १९८० च्या दशकातच बंद पडला होता. देशी भाताची प्रत्येक लोंबी आयात युरियावर उभी असेल, तर त्या स्वयंपूर्णतेत ‘स्व’ किती होते? तांदूळ आणण्याऐवजी तांदळाचे खत आणले जात होते, एवढाच फरक. तो फरक फायद्याचा होता, कारण एका टन युरियातून कित्येक टन भात उभा राहतो; पण त्याला स्वातंत्र्याचे नाव देऊन सरकार स्वतःच त्या नावाला भुलले.

या भुलीचा इतिहास जुना आहे. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला जाऊ नये, हे बाराव्या शतकातील पराक्रमबाहू राजाचे वचन तिथे सतत उद्धृत केले जाते, आणि रजरटातील जुने तलाव पाहिले की तो अभिमान पोकळ नाही हे पटते. डी. एस. सेनानायके यांनी १९३१ पासून शेतीमंत्री म्हणून कोरड्या भागात वसाहती वसवल्या, स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान म्हणून गल ओया धरणाचा प्रकल्प हाती घेतला. १९७७ नंतर महावेली नदीवरच्या धरणांचा तीस वर्षांचा आराखडा सहा वर्षांत उरकण्याची घाई झाली. स्वातंत्र्याच्या वेळी निम्म्याहून अधिक तांदूळ बाहेरून आणणारा देश या धरणांमुळे आणि बटलगोडा येथील भात संशोधन केंद्राच्या वाणांमुळे बऱ्या पावसाच्या वर्षी आपली गरज भागवू लागला, हे यश मोठे आहे आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही.

पण याच काळात तांदूळ हा तिथे सरकार उलथवणारा पदार्थही ठरला. जुलै १९५३ मध्ये शिधावाटपाच्या तांदळाचा भाव मापाला २५ सेंटांवरून ७० सेंट करण्यात आला, ऑगस्टात देशभर हरताळ झाला आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांना पायउतार व्हावे लागले. सिरीमाओ बंदरनायके यांच्या १९७० ते १९७७ च्या सरकारने स्वावलंबनाच्या नावाखाली आयातीवर कडक निर्बंध लादले. जिल्ह्याबाहेर तांदूळ नेऊ नये म्हणून रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. लोक त्यांना ‘हाल पोलु’, म्हणजे तांदळाचे आडवे बांबू म्हणत. पावासाठी पहाटेपासून रांगा लागत. जाफन्याच्या मिरची-कांदा उत्पादकांना त्या काळात चांगले दिवस आले, हे मान्य केले पाहिजे. पण रांगेत उभ्या राहिलेल्या मतदाराने १९७७ मध्ये सत्ताधारी पक्षाला अवघ्या ८ जागांवर आणून ठेवले. पुढच्या सरकारने दारे सताड उघडली, आणि ज्या जाफन्याच्या शेतकऱ्याला काल संरक्षणाची सवय लावली होती त्याच्या अंगावर आयात मिरची येऊन पडली. दोन्ही सरकारांच्या दिशा विरुद्ध होत्या, रीत मात्र एकच: शेतकऱ्याला पेरताना एक नियम आणि काढताना दुसरा.

आता तो करार. १९५२ साली कोरियन युद्धाच्या धामधुमीत तांदळाचे भाव भडकले होते आणि सिलोनच्या, म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेच्या, रबराचे भाव कोसळत होते. अमेरिकेकडे मागितलेल्या अटींवर तांदूळ मिळेना. तेव्हा उजव्या विचारांच्या, कम्युनिस्टविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सरकारने, ज्याच्याशी राजनैतिक संबंधही प्रस्थापित झालेले नव्हते त्या चीनशी पाच वर्षांचा करार केला: वर्षाला ५०,००० टन रबर द्यायचे आणि २,७०,००० टन तांदूळ घ्यायचा. अमेरिकेने मदत रोखली. सिलोनने करार सोडला नाही. दर पाच वर्षांनी नवा होत तो तीस वर्षे चालला. या करारात स्वयंपूर्णतेची घोषणा नव्हती, मातीची शपथ नव्हती. किती माल आणि किती वर्षे, हे एकदा लिहून ठेवलेले होते, आणि त्या भरवशावर देशाला धरणे बांधायला व वाण तयार करायला उसंत मिळाली.

स्वयंपूर्णतेचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा लंकेतल्या साध्या घरच्या जेवणाकडे पाहावे. भात देशी असतो. त्यावरची आमटी ‘मैसूर परिप्पु’ची, नाव मैसूरचे वाटले तरी डाळ मसुराची आहे आणि ती कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातून आलेली असते. पोल सांबोल या चटणीतला नारळ देशी, पण त्यातली सुकी मासळी बरेचदा मालदीवची. सकाळच्या पावाचा गहू शंभर टक्के परदेशी, कारण तिथे गहू होतच नाही. मुलांच्या दुधाची भुकटी न्यूझीलंडची, साखर बहुतांश आयात, आणि फोडणीतला मोठा कांदा आपला. म्हणजे भात आणि नारळ वगळले तर ताटातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ जहाजातून उतरलेला, आणि भातही आयात खतावर पोसलेला. अशा देशात अन्नसुरक्षा भाताच्या टनांत मोजणे म्हणजे घराची सुरक्षा फक्त पुढच्या दाराच्या कडीवरून ठरवण्यासारखे आहे. २०२२ मध्ये रांगा भातापेक्षा आधी दूध भुकटी आणि गॅससाठी लागल्या, हे विसरून चालणार नाही.

भाताचा आग्रह मात्र सर्वस्वी चुकीचा म्हणता येत नाही. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहावा हिस्सा सीमा ओलांडतो. बाजार इतका पातळ असतो की एखाद्या मोठ्या देशाने हात आखडता घेतला की भाव पेटतात. भारताने २० जुलै २०२३ रोजी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा ते पुन्हा दिसले. म्हणून मुख्य धान्य घरी पिकवणे हा लंकेसाठी विम्याचा हप्ता आहे, आणि तो भरावाच लागेल. आक्षेप आहे तो तोच हप्ता कांदा, बटाटा, डाळ यांवरही भरण्याला. डंबुल्लाच्या परिसरातील मोठा कांदा आणि नुवारा एलिया-वेलिमडाचा बटाटा वाचवण्यासाठी लंका सरकार काढणीच्या सुमारास आयातीवरचा विशेष उपकर वाढवते आणि नंतर कमी करते. २००७ च्या कायद्याने हे सारे एका राजपत्राच्या फटकाऱ्यात करता येते. उपकर कधी वाढेल हे डंबुल्लाच्या शेतकऱ्याला पेरताना माहीत नसते आणि लासलगावच्या निर्यातदाराला कंटेनर भरताना माहीत नसते. माहिती असते ती दोघांच्या मधल्या आयातदाराला, किंवा निदान त्याला ती वेळेवर कळते.

आणि पिकलेले साठवण्याचे काय? २०१५ मध्ये सरकारने खरेदी केलेल्या भाताला गोदामे पुरेनात, तेव्हा तो हंबनटोटाजवळच्या मट्टल आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या मालवाहतूक इमारतीत ठेवावा लागला. प्रवासी नसलेला विमानतळ भाताला आयताच मिळाला, हा त्यातला नशिबाचा भाग. सरकारी भात मंडळ एकूण पिकाचा लहानसा हिस्साच विकत घेते. बाकीचा पोलोन्नरुवाच्या आसपासच्या मोजक्या बड्या गिरण्यांकडे जातो. २०२४ च्या अखेरीस पीक बऱ्यापैकी येऊनही बाजारातून नाडु हा रोजच्या जेवणातला तांदूळ गायब झाला आणि सरकारला आयात खुली करावी लागली. पुरेसे पिकले, तरी मिळाले नाही. गोदाम, गिरणी आणि खरेदीचा भाव यांत घातलेला पैसा धरणाइतका फोटोजेनिक नसतो, म्हणून तो मागे पडतो.

इथपर्यंत दोष लंकेचा. उरलेला आपल्या पदरात घ्यायला हवा. मे २०२२ मध्ये गहू, सप्टेंबरात तुकडा तांदूळ, पुढच्या वर्षी पांढरा तांदूळ आणि मग कांदा, असे एकामागून एक दरवाजे भारताने बंद केले. याच भारताने २०२२ मध्ये लंकेला पतकर्जावर युरिया आणि तांदूळ दिला, तमिळनाडू सरकारने ४०,००० टन तांदूळ पाठवला, हे खरेच. त्याबद्दलची तिथली कृतज्ञताही खरी आहे. पण संकटात मदत करणारा शेजारी आणि एरवी भरवशाचा असलेला शेजारी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्यातबंदीची प्रत्येक बातमी कोलंबोतल्या स्वयंपूर्णतेच्या भाबड्या घोषणांना नवे बळ देते: पाहा, बाहेरच्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. त्या भीतीला उत्तर म्हणून पुढचे राजपत्र निघते.

याला पर्याय नाही असे नाही. तो आपल्याच दप्तरात आहे. मालदीवशी १९८१ साली झालेल्या व्यापार करारानुसार भारत दरवर्षी त्या देशासाठी ठरावीक वस्तूंचा कोटा मंजूर करतो. २०२४-२५ साठी त्यात १,२४,२१८ टन तांदूळ, ३५,७४९ टन कांदा आणि ४२ कोटींहून अधिक अंडी होती, आणि या वस्तूंना चालू किंवा भावी निर्यातबंदी लागू होणार नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. दोन्ही देशांचे राजकीय संबंध ताणलेले असताना हा कोटा मंजूर झाला, यातच त्याची किंमत आहे. लंकेला मात्र एप्रिल २०२४ मध्ये १०,००० टन कांद्याची परवानगी मेहेरबानीसारखी, एका संस्थेमार्फत, तुकड्यातुकड्याने मिळाली.

आपल्या ग्राहकाचे काय, हा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पण आकडे समोर ठेवावेत. भारतात २०२३-२४ च्या पडत्या वर्षातही सुमारे २४० लाख टन कांदा झाला. लंकेची सगळी आयात दोन-अडीच लाख टनांच्या घरात असते. एवढा माल आधीच राखून ठेवल्याने दिल्लीतला भाव किती हलेल? उलट बंदीच्या काळातही उघडी राहणारी एक खिडकी नाशिकच्या शेतकऱ्याला मिळेल, आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत किमान निर्यातमूल्य आणि एप्रिल २०२५ पर्यंत निर्यातशुल्क सोसलेल्या त्या शेतकऱ्याला तेवढी खिडकीही थोडी नाही. बदल्यात लंकेने उपकराचे दर हंगामाआधी जाहीर करून ते वर्षभर न बदलण्याचे बंधन स्वीकारावे. दोन्ही सरकारांनी आपापला राजपत्राचा अधिकार थोडा आवरता घ्यायचा, एवढीच देवाणघेवाण आहे.

आणि यात हंगाम अनुकूल आहेत. डंबुल्लाचा कांदा ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत निघतो. नाशिकच्या चाळींतला उन्हाळ कांदा नेमका त्याच महिन्यांत तळाला जाऊ लागतो आणि आपल्याकडे भाव चढतात. तेव्हा लंकेने आपला कांदा खावा, कोटा रिकामा ठेवावा. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडचा माल संपतो, आणि इकडे न टिकणारा लाल कांदा ट्रॉल्या भरभरून बाजार समितीच्या आवारात यायला लागतो.